आधी मुली मोजू, मग पोहे

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आमच्या सातारा जिल्ह्यात थंडी पडली की शाळाशाळांत खेळांचे दिवस सुरू होतात. आमच्या गावची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. शिक्षक दोनच. मैदान झाडायचं, फक्कीच्या रेषा मारायच्या, पाणी, खाऊ, बक्षिसं, सगळं दोघांनी कसं करायचं? म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही बचत गटांच्या बायकांनी ठरवलं, हा दिवस गावाचा आहे, तो गावानंच उचलायचा. घरटी ओंजळभर पोहे गोळा झाले. तरुण मंडळानं स्पीकर लावला. लंगडी, खो-खो, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत आणि शेवटी आयांची संगीत खुर्ची. एका खुर्चीवर सासू-सून दोघी बसल्या, तेव्हा सारं गाव पोट धरून हसलं.

खेळणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायची आपल्याकडची रीत जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकला निघाले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली होती. त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. दुष्काळी भागातली, आपल्यासारख्याच शेतकऱ्याघरची पोर.

हे आम्ही मोठ्या अभिमानानं सांगतो. पण गेल्या वर्षी आमच्याच हातून एक चूक झाली, तीही सांगायला हवी.

मुलींची शंभर मीटरची शर्यत लागली. गुरुजींनी सातवीतल्या एका मुलीचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. शाळेत सगळ्यांत जोरात पळणारी ती. पण ती आलीच नाही. आम्ही कढईपाशी होतो. आमच्यातलीच एक जण हातातला झारा तसाच धरून उभी राहिली. ती त्या मुलीची आई. म्हणाली, "मीच तिला घरी ठेवलंय. मला पोहे करायला यायचं होतं, बाळाला कोण बघणार?"

कुणीच काही बोललं नाही. एक जण पळत घरी गेली, पण मुलगी येईपर्यंत शर्यत संपली होती. त्या शाळेतलं तिचं ते शेवटचं वर्ष. आता ती शेजारच्या गावी आठवीला जाते. अजून पळतेस का, असं विचारलं तर म्हणते, "वेळ कुठं असतो, मावशी?"

शाळेच्या कामाला आपण हौसेनं गेलो आणि शाळेतली पोर घरी बसवली. दोष त्या एकट्या आईचा नाही. आम्ही पोह्यांची यादी केली, बक्षिसांची केली. मुलींची यादी कुणीच केली नाही.

म्हणून यंदा गटाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली झोळ्या बांधायच्या; गटातल्या दोन आज्या तिथं बाळं सांभाळतील. आदल्या दिवशी पटावरची नावं घेऊन घरोघर फिरायचं आणि कोण येणार नाही, का नाही, ते विचारायचं. शेळ्या त्या दिवशी कुणी राखायच्या, त्याच्या पाळ्या मोठ्या माणसांत लावायच्या.

आणखी एक. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं, हेही त्याच कायद्यात आहे. तेव्हा समितीत असाल तर नुसती सही करून उठू नका. चेंडू, दोऱ्या आहेत का, मुलींना वर्षभर खेळायला मिळतं का, ते विचारा.

यंदा तुमच्या गावच्या शाळेत खेळ असतील तेव्हा जरूर जा. पोहे करा, टाळ्या वाजवा, खुर्चीसाठी धावाही. पण घरातून निघताना एकदा मागं वळून बघा. आपल्या जागी घर सांभाळायला आपली लेक तर राहिली नाही ना?