पेशीच्या वेशीवर

(न्यासाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पक्षाघाताचा रुग्ण घेऊन येणाऱ्या आप्तांना आम्ही सर्वप्रथम विचारतो : त्रास नेमका किती वाजता सुरू झाला? पुष्कळांना हा प्रश्न अनाठायी वाटतो. त्याचे कारण पेशीच्या आवरणात दडलेले आहे. तेच आज आपणांपुढे मांडण्याचा आमचा मानस आहे.

प्रत्येक पेशीभोवती मेदद्रव्याचे दुपदरी पटल असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी. प्राणवायू त्यातून सहज पार होतो. क्षारांचे विद्युतभारित कण मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. सोडियम पेशीबाहेर अधिक, तर पोटॅशियम आत अधिक असते. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलातील एक प्रथिन पंपाप्रमाणे अखंड राबते आणि प्रत्येक खेपेस सोडियमचे ३ कण बाहेर टाकून पोटॅशियमचे २ कण आत घेते. डेन्मार्कचे येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवरील संशोधनातून हा पंप उजेडात आणला. त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

याच फरकाच्या बळावर मज्जातंतू संदेश वाहतात. विश्रांतीच्या वेळी पेशीची आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. संदेश येताच सोडियमची दारे क्षणभर उघडतात, सोडियम आत धावते आणि विद्युत्-लाट पुढे सरकते. पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. स्क्विड या सागरी जीवाच्या जाड तंतूवर प्रयोग करून ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये ही क्रिया गणिताने स्पष्ट केली. आपले बोलणे, चालणे, आठवणे हे सारे याच लाटांवर चालते.

पंपाला ऊर्जा लागते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांतीतही प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा तो घेतो आणि त्यातील मोठा भाग या पंपांवर खर्च होतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पंप थांबतात. सोडियम आत शिरते, मागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. मध्यभागातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. सभोवतालच्या पेशी मात्र अपुऱ्या रक्तावर काही काळ मूक, पण जिवंत राहतात. आमची सारी धडपड त्यांच्यासाठी असते.

रक्तस्राव नाही याची सिटी स्कॅनने खात्री करून गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. काही निवडक रुग्णांत नळीद्वारे गुठळी नंतरही काढता येते. तथापि प्रत्येक मिनिटागणिक हानी वाढत असते.

म्हणून आप्तजनांना आमची कळकळीची विनंती आहे. तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे, बोबडी वळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. रुग्णास काही खाऊ-पिऊ घालू नये. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवावी. झोपेतून उठताना लक्षण दिसल्यास तो शेवटी केव्हा ठीक होता, हे सांगावे आणि तत्काळ सिटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

देणगीदारहो, रात्री-अपरात्री सज्ज असलेली तपासणी-यंत्रणा आपल्या औदार्यावर उभी असते. त्या मूक पेशींच्या वतीने आम्ही आपले ऋणी आहोत.