श्वानप्रदर्शनातील पदवी

श्वानप्रदर्शनात सर्वांत देखणा कुत्रा जिंकतो, हा समज पुरता खरा नव्हे. १८७३ साली इंग्लंडात स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या पद्धतीत प्रत्येक कुत्रा आपल्या जातीच्या लेखी प्रमाणाशी ताडून पाहतात. वय व पूर्वीचे यश यांवरून वर्ग पाडतात. वर्गांतील अपराजित नर शेवटी एकमेकांसमोर येतात. माद्यांचा निवाडा वेगळा. श्रेष्ठ ठरेल त्याला ‘चॅलेंज सर्टिफिकेट’ मिळते. मात्र गुण अपुरे वाटल्यास परीक्षक ते रोखूनही ठेवू शकतो. अशी ३ प्रशस्तिपत्रे ३ निरनिराळ्या परीक्षकांकडून, त्यांतले एक तरी वयाच्या १२ महिन्यांनंतर, मिळाली म्हणजे बहुतेक जातींत ‘चँपियन’ ही पदवी लाभते. पहिला आला म्हणून तो लायक ठरत नाही, आणि एकाची पसंती म्हणजे न्यायही नव्हे. माणसांच्या परीक्षांनीही एवढे पाळावे.