दांपत्याचा विमानप्रवास

व्यवसायानिमित्त वा परदेशस्थ मुलांच्या ओढीने ज्या पतिपत्नींना वारंवार विमानप्रवास घडतो, त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, विमान 35,000 फुटांवरून जात असता आतील हवेचा दाब 6,000 ते 8,000 फूट उंचीवरील हवेइतकाच राखलेला असतो आणि आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांहूनही कमी असते; त्यामुळे घसा कोरडा पडतो, अन्न बेचव लागते आणि शिणलेल्या जिवाला सहचराचा साधा प्रश्नही टोचतो. अशा चिडीचे मूळ पुष्कळदा स्वभावात नसून त्या हवेत असते, हे मला फार मोलाचे वाटते.

विमान उतरू लागताच झोपलेल्या जोडीदारास हळूच जागे करावे, कारण निद्रेत आवंढा क्वचितच गिळला जातो आणि कानांना दडे बसतात. दिल्लीहून लेहला जाताना मात्र, “अहो, जरा इकडे बघा!” म्हणून पत्नीने खिडकीतून दाखविलेली हिमशिखरे सारा शीण विसरायला लावतात.

सामानातली एखादी पेटी मागे राहिली तरी अडू नये म्हणून दोघांचे कपडे दोन्ही पेट्यांत निम्मेनिम्मे ठेवावेत. औषधे व दस्तऐवज हाताशीच असावेत. आणि पेटी न आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच रीतसर तक्रार गुदरून तिची पावती घ्यावी.