रानातील कॅमेऱ्याची राखण

अरण्यात बसविलेल्या कॅमेऱ्याची स्थिती मोठी चमत्कारिक असते. ज्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्या वाघाला तो दिसला तरी फारसे बिघडत नाही; ज्याचे छायाचित्र नको असते, त्या माणसाच्या दृष्टीस मात्र तो पडता कामा नये. वाघाला त्या पेटीची किंमत ठाऊक नसते. माणसाला ती असते, किंवा आहे असे वाटते, आणि तेथूनच वनरक्षकाची चिंता सुरू होते.

ही पेटी साधारण विटेएवढी. पाऊलवाटेच्या किंवा पाणवठ्याच्या कडेला, झाडाच्या बुंध्याला, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर ती पट्ट्याने बांधतात. पेटीच्या तोंडाशी उष्णता ओळखणारे एक यंत्र असते. भोवतालच्या हवेहून निराळ्या उष्णतेचे काही समोरून हलले, की कॅमेरा आपोआप चालू होतो. रात्री त्याच्या जोडीला दिवा लागतो किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पडतो. वाघाच्या मोजणीसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लागतो, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांसारखे नसतात. म्हणजे चोर आला तर त्याला एकाच ठिकाणी दोन पेट्या मिळतात!

ही युक्ती तशी जुनी. अमेरिकेतील जॉर्ज शायरस यांनी दोऱ्याने चालणारा कॅमेरा लावून रात्रीच्या वेळी हरणे टिपली, आणि १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. भारतात हा मार्ग संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी चोखाळला. वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणावयाची, वाघाचा पाय तिला लागला की दिव्याचा लखलखाट होऊन चित्र उमटावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्यांची वाघाची छायाचित्रे १९२५ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकली आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलावा, हा विचार जिम कॉर्बेट यांच्या मनात रुजण्यास चँपियन यांचा सहवास कारण झाला.

पुढे या छंदाचे शास्त्र झाले. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंत यांनी पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला, आणि पुन्हापुन्हा टिपल्या गेलेल्या वाघांच्या प्रमाणावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज काढण्याची पद्धत रूढ केली. तोवर आपल्याकडे पंजाचे ठसे मोजण्याची रीत चालत होती. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदोपत्री वाघ होते, पण २००४-०५ मध्ये प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा त्या रीतीवरचा विश्वास पार उडाला. २०२२ च्या राष्ट्रीय गणनेत ३२ हजार ५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ४ कोटी ७० लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांपैकी वाघांची ९७ हजार ३९९ होती, आणि त्यांतून ३ हजार ८० निरनिराळे वाघ ओळखले गेले. देशातील एकूण वाघांचा सरासरी अंदाज ३ हजार ६८२ असा आला.

इतक्या ठिकाणी, आठवडेच्या आठवडे, पहाऱ्यावाचून ठेवलेली वस्तू सर्वच्या सर्व जागेवर सापडेल, अशी अपेक्षा भाबडेपणाची ठरेल. हत्ती ती सोंडेने उपटतो, अस्वल ती चावून पाहते. पण त्यांनी मोडलेल्या पेटीतील स्मरणपट्टी पुष्कळदा जागच्या जागी सापडते. माणसाने नेलेली पेटी पट्टीसकट जाते, आणि खरे नुकसान त्या पट्टीचे. पेटी पैशाने पुन्हा घेता येते. मागील वीस रात्री त्या वळणावरून कोण गेले, हे कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. सुमारे दोन चौरस किलोमीटरचा एकेक चौकोन आखून केलेल्या मांडणीत अशी दोन-चार भोके पडली, की हिशेबच लंगडा होतो.

चोरही सगळे एका जातीचे नसतात. अवैध शिकार करणाऱ्याला आपला चेहरा पुराव्यात नको असतो. तो पेटी नेतो किंवा फोडतो. दुसरा निव्वळ हौशी. विकता येईल म्हणून पेटी घेऊन जातो आणि घरी गेल्यावर त्याला कळते, की हा कॅमेरा लग्नाचे फोटो काढावयाच्या कामाचा नव्हे. मग आतले सेल विजेरीत घालून तो समाधान मानतो. तिसरा असतो बांबू तोडणारा, गुरे चारणारा किंवा सरपणाची मोळी आणणारा. त्याला वाटते, ही पेटी वाघासाठी नसून आपल्यासाठी लावली आहे.

पहिल्या दोघांसाठी पेटी लपविण्याची कला उपयोगी पडते. चालणाऱ्या माणसाची नजर सरळ पुढे किंवा पायाखाली असते. म्हणून सरळ वाटेच्या तोंडाशी असलेले झाड टाळून वळणापलीकडचे, वाटेला किंचित पाठ दिलेले झाड निवडतात. पट्टा सालीच्या रंगाचा घेतात, चकाकणाऱ्या खुणा झाकतात. फांद्या तोडल्या तर ताजा पांढरा काप दुरूनही ओरडून सांगतो, म्हणून छाटलेल्या काटक्या लांब नेऊन टाकतात. झाडापर्यंत एकाच रेषेत ये-जा केली, तर तुडवलेले गवतच चोराला वाट दाखविते. याउलट, लपविण्याच्या भरात भिंगापुढे पाने राहू दिली, तर उन्हात तापून वाऱ्याने हलणाऱ्या त्या पानांचीच हजारो चित्रे निघतात. काहीजण पेटी डोक्यावर, उंच फांदीला बांधतात. चोराची नजर चुकते खरी, पण वाघाची कूस सपाट दिसत नाही, पाठच दिसते. पट्टे ओळखावयाचे कसे? लोखंडी कवच, साखळी आणि कुलूप यांचा उपाय सर्वांस ठाऊक आहे. कुलूप चोराला अडवते त्याहून अधिक त्याचा वेळ खाते, एवढाच त्याचा लाभ. मात्र वेळ हीच रानातल्या चोराला सर्वांत महाग वस्तू असते.

अलीकडे पहाऱ्यासाठी निराळेच कॅमेरे निघाले आहेत. कान्हा आणि पेंच यांना जोडणाऱ्या वनपट्ट्यात २०२२ पासून वापरलेल्या एका यंत्रात कॅमेरा बोटभर लांबीचा असून त्याचे संदेश पाठविणारे अंग वेगळे, थोड्या अंतरावर दडविलेले असते. समोरचा प्राणी आहे की माणूस, हे यंत्र स्वतःच ओळखते आणि मिनिटाच्या आत चित्र अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविते. येथे पेटी चोरीला गेली, तरी चोराचे चित्र आधीच गेलेले असते.

परंतु तिसऱ्या माणसाचे काय? मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात, तेंदूची पाने मे महिन्यात खुडतात. कॅमेऱ्यांचे कामही याच कोरड्या दिवसांत चालते. एकाच वाटेवर, एकाच काळात, दोघांचा पोटाचा उद्योग आणि पेटीचा डोळा समोरासमोर येतात. केंब्रिज विद्यापीठातील त्रिशांत सिमलाई यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात १४ महिने राहून २७० लोकांशी बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील स्त्रिया रानात मोठ्याने बोलत, गाणी म्हणत फिरत. त्या आवाजाने श्वापदे दूर राहत. कॅमेरे आले आणि कोणी तरी पाहत आहे, या जाणिवेने त्या गप्प झाल्या. २०१७ मध्ये तर आडोशाला गेलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र कॅमेऱ्यात उमटले, कोणी तरी ते बाहेर पसरविले, आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी हाती लागतील तेवढे कॅमेरे फोडून टाकले. या फोडण्याला चोरी म्हणणे सोपे आहे. ज्यांनी ते चित्र पसरविले, त्यांच्या कृत्याला काय म्हणावे, हे मात्र कोणत्याही नोंदवहीच्या रकान्यात बसत नाही.

जर्मनीतील म्युनिक शहरात काही संशोधकांनी सार्वजनिक जागी खोट्या उपकरणांच्या पेट्या ठेवून पाहिल्या; त्याचा वृत्तांत २०१४ मध्ये आला. काहींवर कोरडी सूचना, काहींवर धमकी, काहींवर आपुलकीने केलेली विनंती लिहिली होती. विनंतीच्या पेट्यांना लोकांनी सर्वांत कमी हात लावले. म्युनिकचे उद्यान म्हणजे मेळघाट नव्हे, आणि वाचता न येणाऱ्याला चिठ्ठीचा उपयोग नाही. तरी तेच काम गावात जाऊन तोंडाने करता येते. पेटी कोणत्या महिन्यात लागणार, कोणत्या वाटेवर लागणार, माणसांची चित्रे कोण पाहणार आणि ती केव्हा पुसली जाणार, हे ग्रामसभेत आधी सांगितले, तर ज्या गावकऱ्यांपासून ती लपवावयाची त्यांतलेच काही तिचे राखणदार होऊ शकतात. पेटी बांधावयास गावातलीच दोन तरुण मुले घेतली, तर मोहाच्या झाडाकडे जाणारी वाट कोणती आणि स्त्रियांच्या आडोशाची जागा कोणती, हे ती न विचारता सांगतात. दोन चौरस किलोमीटरच्या चौकोनात दुसरी वाट बहुधा मिळतेच, आणि वाघ तिच्यावरूनही जातो.