आकाशातली वाट आणि तिची परीक्षा

श्रोतेहो, हातकणंगल्याच्या स्टेशनावरून मिरजेला निघालेल्या माणसाला वाटेची काळजी नसते. रूळ नेतील तिकडे गाडी जाते. उसाच्या गाडीवानाचे तसे नाही. कारखान्याची जवळची वाट चिखलाची असली, तर तो मैलभर वळसा घेतो आणि बैल वाचवतो. उजळाईवाडीहून उडणाऱ्या वैमानिकाचे नाते या गाडीवानाशी आहे.

आभाळात चिखल नसतो, पण वारा असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, तीस-चाळीस हजार फुटांवर, पश्चिमेकडून जबर वारा वाहतो. दिल्लीहून गुवाहाटीला जाताना तो पाठीशी असतो, परतताना छातीवर येतो. मग दोन हजार फूट वरखाली झाले, तरी इंधनात फरक पडतो.

ही आकडेमोड करणारी एक संगणकीय आज्ञावली अमेरिकेतील नासा संस्थेच्या लँग्ली केंद्रात तयार झाली. वारा, वादळ, आसपासची विमाने हे सारे पाहून ती असंख्य वाटा ताडते आणि बरी वाट सुचवते. वैमानिक ती जमिनीवरच्या नियंत्रकाकडे मागतो. त्याचा होकार आला, तरच विमान वळते. २०१३ साली एका लहान विमानात तिची चाचणी झाली, आणि २०१८ साली ती अलास्का एअरलाइन्सच्या विमानांत गेली.

आता तुम्ही म्हणाल, गणित बरोबर आले की झाले! शिक्षकबंधूंनो, तसे नाही. यंत्राकडे पाहताना वैमानिकाचे लक्ष मुख्य कामावरून ढळते काय, चुकीची सूचना त्याच्या ध्यानी येते काय, हेही तपासावे लागते. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियातील कालीजवळ वैमानिकांनी मार्गसंगणकात ‘आर’ हे अक्षर दिले. हवा होता जवळचा रोझो. यंत्राने घेतला दूर बोगोटाजवळचा रोमिओ. विमान भलतीकडे वळले, आणि ते ध्यानात येईतो फार उशीर झाला होता. पुढे ते डोंगरावर आदळले. १६३ पैकी १५९ माणसे गेली. चुका आणखीही होत्या, पण यंत्राने हुकूम मात्र इमानाने पाळला होता.

या दृष्टीने नासाच्या आज्ञावलीची रचना पाहण्यासारखी आहे. वैमानिकाच्या हाताशी पाटीएवढा पडदा असतो, त्यावर ती चालते. विमानाकडून तिला माहिती घेता येते. विमानाला हुकूम देता येत नाही.