दोषाचा वारस कोण?
(किन्हवली येथे केलेले भाषण)



आजोबांनी केलेल्या अन्यायाचे उत्तर नातवाने का द्यावे, हा प्रश्न आदिवासींच्या जमिनींचा विषय निघाला की हमखास विचारला जातो. प्रश्न गैर नाही. गुन्हा रक्तातून उतरतो असे समाजवादी मानत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते; तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. मग सावकाराच्या नातवाला आपण कोणत्या तोंडाने जन्मजात गुन्हेगार म्हणणार?

परंतु हाच न्याय कर्जाला कधी लावला गेला काय? या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी पैसे घेतलेला आदिवासी ‘लग्नगडी’ होई. तो आणि त्याची बायको सावकाराच्या घरी राबत, आणि फेड झाली नाही तर पोरेही त्याच दावणीला बांधली जात. वेठबिगारांची ही कर्जे १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. तोवर बापाचे ऋण मुलाच्या माथी मारण्यात कुणाला अधर्म वाटला नाही. उलट, पितृऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्यच, असे शास्त्र सांगत होते! आदिवासीच्या पोराला कर्ज वारशाने आले, सावकाराच्या पोराला जमीन वारशाने आली. वारशाने आला नाही तो फक्त दोष. वाटणी मोठी सोयीची.

आदिवासींना जमिनी परत देण्याच्या १९७४ च्या महाराष्ट्र कायद्याने ही गोम ओळखली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींविषयी तो बोलतो, आणि देणारा व घेणारा या दोन्ही शब्दांत त्यांचे वारसही धरतो. नातवाला तो शिक्षा करीत नाही, जमीन मागतो. (तीही आदिवासीने रक्कम भरल्यावर, हा भाग निराळा!) त्याआधी गेलेल्या जमिनींपर्यंत मात्र त्याचा हात पोहोचत नाही.

आणि जमीन स्वस्थ पडून राहत नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरील नाव पाहून दिला गेला; ते नाव तेथे कसे चढले, हे विचारण्याची सोय त्या हिशेबात नव्हती. इकडे कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या खाती चढते.

या सभेत जमीनदार घरांतील सुशिक्षित तरुण आहेत. त्यांनी आजोबांची निंदा करावी, अशी माझी मागणी नाही. आपल्या घरच्या जमिनीचे जुने फेरफार त्यांनी काढावेत आणि ज्याचे नाव कमी झाले, त्याच्या नातवासमोर बसून ते मोठ्याने वाचावेत. तो नातू याच तालुक्यात, बहुधा हाकेच्या अंतरावर, राहतो.