मोटारींतील नाजूक पट्टी

तानसा तलाव पाहून परततांना मोटारीच्या दाराच्या आंतील प्लॅस्टिकची पट्टी खडखडूं लागली, तर ती उपटण्याची घाई करूं नये. ही पट्टी मागील बाजूच्या लहान खुंट्यांवर बसलेली असते. एक टोक धरून ओढल्यास खुंटीच मोडते. हिवाळ्यांतील गारठ्यानें प्लॅस्टिक ठिसूळ होतें, म्हणून गाडी प्रथम उन्हांत ठेवावी. झांकणीखालीं स्क्रू दडलेला असल्यास तो आधीं सोडवावा. मग स्क्रूड्रायव्हरऐवजीं बांबूची चपटी, गुळगुळीत कांब फटींत सारून एकेका खुंटीजवळ पट्टी हलकेंच उचलावी. एअरबॅगची खूण असलेला भाग मात्र कुशल कारागिरावरच सोपवावा. बोटाच्या पेराएवढी खुंटी वांचली, तर सबंध पट्टी पुन्हां जागेवर बसते.